भेरूघाटात दमलेली वॅगन आर

काका, सादर नमस्कार. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, वय 24. दोन वर्षांपूर्वी बाबांनी सेकंडहँड वॅगन आर घेतली, 2013 ची, एक लिटर पेट्रोल. मागच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं. डिकीत सामानाला जागाच उरत नव्हती म्हणून आम्ही सिलिंडर काढून टाकला, आता फक्त पेट्रोलवर चालवतो. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरहून परत येत होतो, पाच जण, एसी चालू. भेरूघाटात गाडीने दमच टाकला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी वेग कमीच होत गेला आणि वळणावर बंद पडली. मागे ट्रकचा हॉर्न, आजी रामरक्षा म्हणायला लागली. बाबा शेजारी बसले की दुसरा गिअर टाकू देत नाहीत, म्हणतात इंजिन किंचाळतं, एव्हरेज जातं. मित्राच्या ओळखीचा एक गॅरेजवाला ओपन फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असं पॅकेज 48 हजारांत देतोय. म्हणतो, ‘भिया, पंद्रह-बीस हॉर्सपावर तो पक्का.’ पैसे माझ्या पगारातले आहेत, बाबांना सांगणार नाही. नुकतेच टायरही जरा जाड टाकलेत, 155/65 च्या जागी 175/65. करून घेऊ का हे काम?
— अ., राजेंद्र नगर

प्रिय अ.,

नको घेऊस ते पॅकेज. पंधरा-वीस घोडे त्यातून निघणार नाहीत. का, ते पुढे सांगतो. त्याआधी तुझ्या पत्रातल्या ज्या दोन वाक्यांवर मी थांबलो ती सांगतो, कारण तू ओघात लिहून गेलास पण दुखणं त्यांच्यातच आहे. एक, ‘सिलिंडर काढून टाकला’. दुसरं, ‘टायर जाड टाकलेत’.

सिलिंडर काढलात, पण बाकीच्या किटचं काय केलंत? त्या काळात बाहेरून बसवलेली पुष्कळ किटं साधी, मिक्सरवाली असत. मिक्सर म्हणजे ॲल्युमिनियमचं एक कडं. एअर फिल्टरकडून येणारी नळी थ्रॉटल बॉडीला, म्हणजे पायाने उघडणारी हवेची झडप असलेल्या भागाला, जिथे मिळते, तिथे ते बसवतात. त्याचं भोक मध्ये मुद्दाम निमुळतं केलेलं असतं. निमुळत्या जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि गॅस आपोआप आत ओढला जातो. गॅसवर चालताना त्याचं काम आहे. पण गाडी पेट्रोलवर आली की ते कडं नुसतं घशात अडकून राहतं. शहरात हे कळत नाही, कारण छप्पनवरून राजवाड्यापर्यंत जाताना थ्रॉटलची झडप मुळात थोडीशीच उघडते, अडथळा तीच करत असते. झडप पूर्ण उघडली की मग इंजिनला जी हवा हवी ती या कड्यातून येत नाही. तू लिहितोस, पाय पूर्ण दाबला तरी वेग कमीच होत गेला. माझा पहिला संशय या मिक्सरवर आहे.

तेव्हा उद्या सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघड. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतची नळी हाताने चाचपत जा. मध्ये कुठे क्लॅम्प लावलेलं कडं किंवा बाजूला बुच मारलेलं तोंड दिसलं तर तोच मिक्सर. तो काढून मूळची नळी बसवायची, भोक असलेली नळी चिकटपट्टी लावून वापरायची नाही. किटबरोबर आणखी एक गोष्ट येते. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून त्यांच्यामध्ये इम्युलेटर नावाची डबी जोडलेली असते, गॅसवर असताना पेट्रोल बंद ठेवायला. दहा वर्षांच्या उन्हापावसात ते जोड काळे पडतात आणि जोर लावताना नेमका एखादा इंजेक्टर उपाशी राहतो. तुझं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. त्यातला एक मध्येच सुटला तर एक तृतीयांश ताकद गेली. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून ती डबी काढून वायरी मूळच्यासारख्या करून घे आणि स्कॅनर लावून मिसफायरचे, म्हणजे सिलिंडर न पेटल्याचे, कोड बघायला सांग.

गॅसवर बरीच चाललेली गाडी असेल तर कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं तेही, तपासून घे. गॅस कोरडा असतो, जळतानाही व्हॉल्व्हच्या सीटवर त्याचा मार जास्त बसतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घे. एखादा बाकीच्या दोघांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असला तर आधी हेडचं (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं) काम, मग बाकी सगळं. सिलिंडर काढल्याची नोंद आरटीओत झाली नसेल तर तीही करून घ्या, आरसीवर अजून सीएनजी लिहिलेलं असेल.

आता टायर. पहिला आकडा रुंदीचा, आणि टायरची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के. 14 इंची रिमवर 155/65 चा व्यास साधारण 557 मिलिमीटर भरतो, 175/65 चा 583. म्हणजे चाक पावणेपाच टक्के मोठं झालं. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर थोडा थोडा लांब होतो, इंजिन तेवढंच ढकलतं पण रस्त्यावर ओढ साडेचार टक्के कमी पोचते. तुला वाटलं रबर बदललं, गाडीला वाटलं की कोणीतरी तिचा गिअरबॉक्स बदलला. शिवाय काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा जास्त पळत असते, तेही ध्यानात ठेव. टायर नवे आहेत, त्यामुळे लगेच फेकून दे म्हणत नाही. दुकानदार परत घेत असेल तर 155/65 कडे परत जा. घेत नसेल तर हे झिजेपर्यंत हवा बरोबर ठेव आणि पुढच्या वेळी दाराच्या चौकटीवर जो स्टिकर आहे त्यावरचाच नंबर माग.

या दोन गोष्टी निस्तरल्यास तर तुला नवी ताकद मिळणार नाही, मूळची परत मिळेल. आता प्रश्न उरतो तो त्याच्यापुढचा. मूळची 68 अश्वशक्ती असताना तिची 85 करता येते का?

तुझ्या गाडीचं इंजिन नॅचरली ॲस्पिरेटेड आहे, म्हणजे टर्बो नसलेलं, स्वतःच्या श्वासावर चालणारं. पिस्टन खाली येतो, पोकळी होते, आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने आत शिरते. तिला ढकलणारं दुसरं कोणी नाही. पेट्रोल पाहिजे तेवढं ओतता येईल, पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. म्हणून या इंजिनात ताकदीचं माप हवेने ठरतं. 998 सीसीच्या पोटात एका वेळी मावून मावून किती मावणार?

किती मावतं ते टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवणाऱ्या जोराच्या, आकड्यावरून कळतं. तुझ्या इंजिनाचा टॉर्क 90 न्यूटन मीटर आहे, एका लिटरला 90. आता होंडाची एस 2000 घे, 1999 ची गाडी, टर्बो नसलेल्या इंजिनांत जगभर नावाजलेली. दोन लिटर, 250 अश्वशक्ती. पण टॉर्क सुमारे 218, म्हणजे लिटरला 109. फॉर्म्युला वनमध्ये 2013 पर्यंत जी 2.4 लिटरची व्ही 8 इंजिनं होती, त्यांच्यावर कोट्यवधी खर्च झाले, त्यांचाही टॉर्क लिटरला 120 च्या आसपासच. माझ्या तरुणपणी मला हे कोणी सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते. जगातली सर्वांत महाग इंजिनंसुद्धा प्रत्येक श्वासात तुझ्या वॅगन आरपेक्षा फार जास्त हवा घेत नाहीत. ती घेतात ते श्वास भराभर घेतात. होंडा 8300 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, आपली ताकद दाखवते, फॉर्म्युला वनची इंजिनं 18,000 पर्यंत जात. तेवढं फिरायचं तर हलके पिस्टन, कडक स्प्रिंगा, वेगळा कॅमशाफ्ट, वेगळं ऑइल पंप, सगळंच वेगळं लागतं.

उलट बाजूही बघ. मारुतीचंच 998 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन टर्बो लावून फ्रॉन्क्समध्ये येतं तेव्हा 100 अश्वशक्ती आणि जवळपास 148 न्यूटन मीटर देतं. पोट तेवढंच, पण टर्बो हवा कोंबून भरतो. म्हणून एखाद्या टर्बो गाडीला रिमॅपने खरोखर फरक पडतो, तिथे कोंबायचा दाबच वाढवता येतो. तुझ्या गाडीत रिमॅप करणाऱ्याला वाढवायला दाबच नाही. तो ठिणगीची वेळ जरा पुढे घेईल, मिश्रण जरा घट्ट करेल. चांगल्या हाताने केलं तरी दोन-चार घोडे, आणि वाईट हाताने केलं तर उन्हाळ्यात नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटणं.

ओपन फिल्टरचं तर मला मनापासून वाईट वाटतं, कारण लोक चांगली वस्तू काढून वाईट वस्तू लावतात. कंपनीचा फिल्टरचा डबा कुरूप दिसतो, पण त्याची नळी हवा रेडिएटरच्या पुढून किंवा बाजूच्या गार जागेतून ओढेल अशी वळवलेली असते. ती काढून इंजिनाच्या डोक्यावर उघडा फिल्टर बसवला की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्के घटते. आवाज मात्र मोठा येतो, खर्रर करून, आणि कानाला गाडी पळाल्यासारखी वाटते. हा भास इतका पक्का असतो की माणूस शपथेवर सांगतो, पिकअप वाढला.

एक्झॉस्टचंही तसंच. योग्य लांबीचा हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, खरोखर काम करतो, एका सिलिंडरचा धूर बाहेर पडताना दुसऱ्याचा ओढून नेतो. पण हे ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच घडतं, बहुधा वरच्या. बऱ्याच लहान गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या धुराच्या नळीला (मॅनिफोल्डला) चिकटूनच असतो, हेडर लावायचा म्हणजे तो उडवायचा. मग पीयूसीची पंचाईत आणि तुझ्या मागून स्कूटरवर येणाऱ्याच्या छातीत तो धूर. घाटात तुला जोर हवा आहे तो खालच्या आरपीएमला. या वस्तू असलाच तर वरती थोडा देतात आणि खालचा कधीकधी काढून घेतात.

आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ट्रॅक आहे ना, त्याची हायस्पीड पट्टी 11.3 किलोमीटर लांब आहे, 2021 मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी गाड्या महिनोन् महिने तपासल्या जातात, एव्हरेजमध्ये अर्ध्या किलोमीटरसाठी अभियंते झटत असतात. काही हजारांच्या फिल्टरने 15 घोडे मिळत असते तर ते त्यांनी तुझ्यासाठी ठेवून दिले नसते, जाहिरातीत छापले असते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पण नीट वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मापांपासून गाडी बदलता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-धुराच्या नियमांसाठी 10,000 पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बंद हे वेगळं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर तुमच्या अंगावर येऊ शकतो. आणि तुझी गाडी 2028 मध्ये पंधरा वर्षांची होईल, तेव्हा रजिस्ट्रेशन वाढवायला ती तपासणीला न्यावी लागेल. तिथे बाबाच उभे असतील.

मी तुला कोरडा उपदेश करत नाही. तुझ्याएवढा असताना माझ्याकडे एक जुनी पद्मिनी होती, 1089 सीसी. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते, हे मी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. मी हेड खरडून घेतलं, जितकं सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच. इंदुरात गाडी छान चालली. मे महिन्यात खलघाटहून मानपूरचा घाट चढताना इंजिनातून खड्यांनी भरलेला डबा हलवल्यासारखा आवाज यायला लागला. ते नॉकिंग होतं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने पेटत होतं, आणि मी पाय काढला नाही. हेड गॅसकेट गेलं, एका पिस्टनची कड जळाली. त्या गाडीत माझी आई बसली होती. दुपारी दोन वाजता, सावली नाही, पाणी संपलेलं. ती एका शब्दाने बोलली नाही, तिने पदर डोक्यावर घेतला आणि एका दगडावर बसून राहिली. तुझ्या आजीची रामरक्षा वाचली तेव्हा मला तो दगड आठवला.

आता घाटाचं गणित. ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 7023. कागद घे. 40 च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये तुझं इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरतं. तिथे पूर्ण 90 टॉर्क मिळतो असं धरलं तरी साडेपंचवीस अश्वशक्ती होतात, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण 90 चा आकडा 3500 ला येतो. आता कंपनीचे आकडे 25 अंश तापमानाला आणि जवळजवळ समुद्रसपाटीच्या दाबाला काढलेले असतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, हवा तेवढीच पातळ, त्यात उन्हाळा. आठ-दहा टक्के तिथेच गेले. राहिली बावीस-तेवीस. त्यातून मिक्सरने किती खाल्ली ते मिक्सरलाच ठाऊक.

गाडीला लागते किती? पाच माणसं आणि सामान धरून वजन साडेबाराशे किलो. समजा शंभर मीटरला सात मीटर चढ आहे. 40 च्या वेगाने ते वजन वर चढवायला तेरा अश्वशक्ती, टायरांच्या आणि हवेच्या विरोधाला आणखी तीन. गिअरबॉक्समध्ये दोनेक जातात, एसी तीन-चार घेतो. बेरीज बावीस. बघ, मिळकत आणि खर्च तंतोतंत सारखे. वळणावर चढ जरा वाढला की वेग उतरतो, वेग उतरला की आरपीएम उतरतो, आरपीएम उतरला की ताकद आणखी उतरते. पाय कितीही दाबला तरी या उतरंडीवरून गाडी परत वर येत नाही. तुझी गाडी अशीच बंद पडली.

त्याच 40 च्या वेगाला दुसरा गिअर टाकला असतास तर इंजिन तीन हजारांच्या वर गेलं असतं. तिथे अडतीस अश्वशक्ती. आपल्या हवेची वजाबाकी करून पस्तीस. गरज बावीसची, हातात पस्तीस. एका हाताच्या हालचालीने तुला बारा-तेरा घोडे मिळाले असते. त्या गॅरेजवाल्याने 48 हजारांत जेवढे कबूल केले जवळजवळ तेवढेच, आणि हे खरे.

म्हणून घाट सुरू होण्याआधीच, गाडीत वेग असतानाच, खालचा गिअर टाक. दम तुटल्यावर टाकलास तर उशीर झालेला असतो. तीव्र वळणापूर्वी एसी बंद कर, वर पोचल्यावर लाव. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतार असतो म्हणून सकाळी काही कळत नाही, परत येताना दुपारचं ऊन, भरलेली पोटं, भरलेली डिकी आणि चढ असं सगळं एकदम येतं. आरपीएमचा काटा असेल तर तो 3000 ते 4500 मध्ये ठेव. काटा नसेल तर कानावर जा, आवाज भरीव आणि सलग हवा. घरघर आणि थरथर आली की गिअर चुकला. पाण्याचा काटा बघत राहा. वरच्या आरपीएमला पाण्याचा पंपही जोरात फिरतो, त्यामुळे इंजिन तापण्याची भीती दुसऱ्या गिअरपेक्षा तिसऱ्यातच जास्त.

बाबांचं काय करायचं? त्यांना चूक ठरवू नकोस. ज्या काळात त्यांनी गाडी शिकली त्या काळातली इंजिनं पाच हजारांवर खरोखर दुखायची, आणि डिझेलवर हात बसलेला माणूस खालच्या आरपीएमवरच ओढतो. तेव्हाची ती शहाणी सवय होती. आजचं हे छोटं इंजिन 6200 आरपीएमला आपली पूर्ण ताकद देण्यासाठी बनवलेलं आहे, चार हजार त्याच्यासाठी चालणं आहे, पळणं नाही. उलट तिसऱ्यात पूर्ण पाय दाबून कण्हत चढवलं की बेअरिंगांवर मार बसतो आणि नॉकिंगला आमंत्रण मिळतं. एव्हरेजचंही तसंच आहे. बंद पडून हाफ क्लचवर उठवलेली गाडी जेवढं पेट्रोल पिते आणि क्लच जाळते, त्यापुढे दुसऱ्या गिअरचे पाच किलोमीटर काहीच नाहीत. वरचं गणित कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. आमच्या पिढीच्या माणसाला आकडे दाखवले की तो ऐकतो, निदान चष्मा तरी लावतो. आणि पैशांचं त्यांच्यापासून लपवू नकोस. गाडी त्यांच्या नावावर आहे.

बाकी नेहमीची कामं पटकन सांगतो. तिन्ही प्लग बदल, आकडा कंपनीच्या पुस्तिकेतलाच. एअर फिल्टर नवा, कंपनीचा कागदीच. थ्रॉटल बॉडी साफ करून घे. क्लचची परीक्षा अशी: चौथ्या गिअरमध्ये 40 वर असताना एकदम पाय दाब, आवाज चढला आणि वेग चढला नाही तर प्लेट संपली. गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरव, एखादं जड फिरत असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं, जाड ऑइलने इंजिनाला ‘ताकद’ येते हा समज सोडून दे. ऑक्टेन वाढवलेलं महाग पेट्रोलही नको. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, नॉकिंग न होऊ देण्याची त्याची क्षमता. तुझ्या इंजिनाला नॉकिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि डिकी रिकामी कर. तुमच्या डिकीत काय आहे मला माहीत नाही, पण आपल्याकडच्या प्रत्येक डिकीत जुन्या चपला, पाण्याचे कॅन, एखादी घडीची खुर्ची आणि लग्नातल्या भेटवस्तूंची एक पिशवी असतेच. साडेबाराशे किलोत 40 किलो कमी झाले की वजनामागे मिळणारी ताकद तीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे दोन घोडे. तो ओपन फिल्टर चांगल्या दिवशी एवढेच देईल.

हे सगळं एकदम करू नकोस. आधी मोजायला शीक. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना सुपर कॉरिडॉरवर जा, एक सपाट तुकडा ठरव. शेजारी मित्राला फोनचं स्टॉपवॉच घेऊन बसव. तिसऱ्या गिअरमध्ये 30 वर स्थिर चालव, मग पाय पूर्ण दाब आणि 60 होईपर्यंतचे सेकंद घे. तीनदा जाताना, तीनदा येताना, एसी बंद, टाकी साधारण सारखी. सहांची सरासरी वहीत लिही. मग मिक्सर काढ आणि त्याच जागी पुन्हा मोज. मग प्लग आणि वायरिंग, पुन्हा मोज. टायर बदलशील तेव्हा काटाही बदलेल, म्हणून वेग फोनच्या जीपीएसवर बघ, सुरुवातीपासूनच. गॅरेजवाला कोणताही असो, त्याला म्हण, आधी आणि नंतर असे दोन्ही आकडे दाखव, मग पैसे. जो मोजायला नाही म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडू नकोस.

एवढं करूनही तुला वाटेल की गाडी कमीच पडते, तर ती इच्छा खोटी नाही. तुला वेगवान गाडीची आवड आहे हे तुझ्या पत्रात दिसतं आणि मला ती आवडते. पण मग 48 हजार या गाडीत घालू नकोस. बँकेत ठेव, दर महिन्याला भर घाल आणि दोन-तीन वर्षांनी सेकंडहँड टर्बो घे. या वॅगन आरवर खर्च करायचाच असेल तर तो ब्रेक पॅड, चांगले वायपर आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर कर. घाट चढून झाला की दुसऱ्या दिवशी तो उतरायचाही असतो.

पुढच्या वेळी ओंकारेश्वरला जाशील तेव्हा आजीला पुढच्या सीटवर बसव आणि बाबांना मागे. मिक्सर सापडला का, आणि सापडला तर आधीचे सेकंद किती नि नंतरचे किती, ते मला नक्की लिहून कळव.